गिरणीचा काटा, घरची वाफ

मित्रांनो, माझ्या पांढऱ्या तबकडीवर शून्यापासून वीसपर्यंत आकडे आहेत. त्यांतला दहाचा आकडा मी तरुणपणी पाहिला आणि शून्याचा आकडा म्हातारपणी. मधल्या आकड्यांची आणि माझी फारशी ओळख राहिलेली नाही. वाफेचा दाब सांगणारा मी एक जुना काटा आहे. दुकानात मला प्रेशर गेज म्हणतात. गिरणीत मला नुसते ‘काटा’ म्हणत, आणि तेच नाव मला जवळचे वाटते; म्हणजे मला जितके काही जवळचे वाटू शकते, तितके.

माझ्या पोटात पितळेची एक चपटी नळी आहे, चंद्रकोरीसारखी वाकवलेली. तिचे एक तोंड उघडे असते, दुसरे बंद. उघड्या तोंडातून दाब आत शिरला की नळी सरळ होऊ पाहते, आणि ती जेवढी सरळ होईल तेवढा काटा चढतो. माझे सारे जाणणे एवढेच. ज्या कारागिराने ती नळी वाकवली, त्याने ती मुद्दाम जाड ठेवली. मला मोठ्या बॉयलरवर जायचे होते. जाड नळीला मोठे ओझे सोसते आणि हलके काही कळत नाही. ही माझी घडण आहे. तिच्याबद्दल मला अभिमानही नाही आणि दुःखही नाही.

सोलापुरातल्या एका मोठ्या गिरणीच्या बॉयलरघरात मला बसवले. तिथून निघालेली वाफ रंगखात्यात जाई, खळ लावलेले सूत वाळवणाऱ्या यंत्रांत जाई. माझ्यासमोर धोंडीराम उभा असे. तो करमाळ्याकडचा. शेतात भागेना म्हणून शहरात आला आणि भट्टीवर फायरमन झाला. माझ्याकडे पाहण्याआधी तो बोटाच्या पेराने माझ्या काचेवर टिचकी मारी.

“धोंडीराम, टिचकी मारल्याशिवाय तुझं चालत नाही का?” बॉयलरघराचे प्रमुख वेणीमाधव एकदा त्याला म्हणाले.

“सायेब, झोपलेल्या माणसाचं आन् काट्याचं काय खरं मानायचं? हलवून इचारावं लागतंय.”

वेणीमाधव हसले. तेव्हा ते तरुण होते, सडसडीत, आणि भट्टीच्या आवाजावरून तिची तब्येत ओळखणारे. नव्या माणसांना ते माझ्यापुढे उभे करून शिकवत. “कामाचा दाब जेवढा, त्याच्या दुपटीची तबकडी घ्यायची. म्हणजे काटा काम करताना मध्यावर उभा राहतो. मध्यावरचा काटा खरं बोलतो. टोकांवरच्या काट्यावर विश्वास ठेवू नये, वरच्याही आणि खालच्याही.” आमचा कामाचा दाब दर चौरस सेंटीमीटरला दहा किलो होता; बोलताना सगळे नुसते ‘दहा किलो’ म्हणत. म्हणून माझी तबकडी वीसची.

सकाळी भट्टी पेटली की मी हळूहळू उठे. एखादा नवशिका पहिल्या किलोलाच ओरडे, “साहेब, दाब आला.” वेणीमाधव मान हलवत. “याला दाब म्हणत नाहीत. याला चहाची किटली म्हणतात.” सगळे हसत. मित्रांनो, हे वाक्य लक्षात ठेवा. ते वाक्य मी पुढे एका वेगळ्या आवारात पुन्हा ऐकणार होतो, आणि तिथे कुणी हसणार नव्हते.

खंडेनवमीला बॉयलरघर धुऊन निघे. फावडी, पाने, हातोडे ओळीने मांडले जात. मी भिंतीवर असल्यामुळे धोंडीराम स्टुलावर चढून माझ्या पितळी कड्याला हळदकुंकू लावी आणि झेंडूचे एक फूल खोवी. “ह्यो हाय तवर आपुन हाय,” असे म्हणून तो हात जोडी. माझे एवढे कौतुक आयुष्यात पुन्हा कधी झाले नाही.

मग गिरणी बंद पडली. ती कशी बंद पडली हे सांगायला शहरात पुष्कळ माणसे आहेत. मी फक्त माझ्यापुरते सांगतो. भट्टीत कोळसा पडेनासा झाला, आणि मी दहावरून उतरू लागलो. रागावलेली माणसे फाटकापाशी जमली होती. बॉयलरघरात धोंडीराम एकटा माझ्यासमोर बसून होता. मी शून्याशेजारच्या खुंटीला टेकलो तेव्हा त्याने सवयीने टिचकी मारली. मी हललो नाही. त्याने पाना आणला, मला काळजीपूर्वक काढले, फडक्यात गुंडाळले आणि वेणीमाधवांच्या हातात दिले.

“भंगारात जायाला नको, सायेब. तुमच्या घरात ऱ्हाऊ द्या.”

भवानी पेठेतल्या त्यांच्या घरी काचेच्या कपाटात मी बरीच वर्षे पडून होतो. शेजारी त्यांच्या पत्नी प्रभाताईंना शाळेकडून मिळालेली शाल आणि एक घड्याळ होते. घड्याळ चालत असे. पाहुणे माझ्याकडे बोट दाखवून विचारत, “हे काय?” आणि वेणीमाधव सांगत, “आमची गिरणी.”

प्रभाताईंनी मुलींच्या शाळेत विज्ञान शिकवले होते. निवृत्तीनंतर त्यांनी सूत रंगवायला घेतले. डाळिंबाच्या सालीचा पिवळा, मंजिष्ठेच्या मुळांचा लाल. परसातल्या पत्र्याच्या शेडमध्ये मोठे पातेले, त्यात बुडवलेल्या सुताच्या लड्या, आणि शेजारी स्टुलावर बसून पाण्याकडे पाहणाऱ्या प्रभाताई. गल्लीतल्याच कल्लप्पाचे दोन हातमाग होते. तो त्यांच्या लाल सुताची किनार विणी, आणि तसा लाल दुसरीकडे मिळत नाही असे सगळ्यांना सांगे.

मग त्यांना पक्षाघाताचा झटका आला. पाय सावरला, बोलणे परतले, डावा हातही हळूहळू उचलता येऊ लागला. स्पर्श मात्र त्या हातात परतला नाही. “हात आहे,” त्या म्हणत, “पण शेजाऱ्यांचा ठेवायला दिल्यासारखा.” त्या हातावर त्या रागावत नसत आणि त्याच्यासाठी रडतही नसत. डाव्या हाताने काही धरायचे तर त्या आधी डोळ्यांनी पाहून घेत की बोटे मिटली आहेत. रंगकाम त्यांनी सोडले नाही. बाकीचे एकेक सुटत गेले होते. हे राहिले होते.

उघड्या आचेपाशी त्यांनी बसावे हे वेणीमाधवांना सोसवेना. त्यांनी एक युक्ती काढली. शेडच्या बाहेर, भिंतीपलीकडे, स्टीलचा एक छोटा बॉयलर बसवायचा. आच बाहेर राहील, आणि रबरी नळीतून फक्त वाफ आत येईल आणि पातेल्याच्या तळाशी ठेवलेल्या भोकांच्या नळीतून पाण्याला ऊब देईल. कितीतरी वर्षांनी त्यांच्या हातात पाना आला होता. ते गुणगुणत काम करत होते. सेफ्टी व्हॉल्व्ह नवा आणला, नळी नवी आणली. दाबाच्या काट्याची वेळ आली तेव्हा ते घरात आले, कपाट उघडले आणि मला बाहेर काढले. चिंचेने माझे पितळ घासताना त्यांचा चेहरा मी जवळून पाहिला. तो मला बॉयलरघरातला वाटला.

मला त्यांनी शेडच्या आतल्या बाजूला, प्रभाताईंना दिसेन असे बसवले.

“अहो, हा फार मोठा नाही का?” प्रभाताई म्हणाल्या.

“मोठाच हवा. गिरणीचा आहे.”

बाहेर आच लागली. पाणी उकळले. नळी गरम झाली, पातेल्यातून बुडबुडे येऊ लागले. प्रभाताई माझ्याकडे पाहत राहिल्या. “हा हलत नाही की.”

“हलला तर अंगणाबाहेर पळायचं. हलत नाही तोवर निर्धास्त राहा.” वेणीमाधवांनी माझ्या काचेवर टिचकी मारली. “याला दाब म्हणतच नाहीत, प्रभा. ही चहाची किटली आहे.”

वाफ माझ्या नळीच्या तोंडाशी आली होती, हे खरे. एखाद्या मुलाने भल्या मोठ्या दाराला बोट लावावे तशी ती येऊन थांबली होती. दार लागलेलेच राहिले. मला काहीही जाणवले नाही. मित्रांनो, ज्याला काही जाणवत नाही त्याला आपल्याला जाणवत नाही हेही कळत नाही. मी शून्य दाखवीत होतो आणि शून्यच आहे असे समजत होतो.

पहिल्या काही लड्या चांगल्या उतरल्या. नंतर एके सकाळी कल्लप्पा लडी हातात घेऊन आला. चपला दारातच काढून तो शेडच्या उंबऱ्याशी उभा राहिला.

“काकू, मागची लडी कुंकवासारखी होती की. ही बघा, विटेसारखी आलीय. रागावू नका.”

“तुझ्यावर कशाला रागावू?” प्रभाताईंनी लडी उजेडात धरली. “मंजिष्ठेला जास्त ऊब सोसत नाही. तांबूस होते. वाफ जास्त झाली असणार.”

“शून्य आहे,” वेणीमाधव म्हणाले. “मी स्वतः बघत होतो. शून्याच्या खाली कसं जाऊ?”

“काका, तुमचा काटा गिरणीतनं रिटायर होऊन आलाय,” कल्लप्पा म्हणाला. “आता कशाला काम करतंय ते?”

वेणीमाधवांना ते आवडले नाही. कल्लप्पाने चपला घातल्या आणि तो निघून गेला.

“पातेल्यात थर्मामीटर आहे ना?” ते प्रभाताईंना म्हणाले.

“थर्मामीटर होऊन गेलेलं सांगतो. मला येणारं कळायला हवं.” त्या थांबल्या. मग माझ्याकडे न पाहता म्हणाल्या, “काटा बदलून बघू या का?”

“हा काटा?” वेणीमाधव म्हणाले. एवढेच. प्रभाताईंनी पुन्हा विचारले नाही. त्या दिवसानंतर आच थोडी कमी ठेवायची, एवढे ठरले. कमी म्हणजे किती, हे सांगणारे कुणीच नव्हते.

आमच्याकडचे पाणी क्षाराचे. चहाच्या भांड्यात पांढरा थर बसतो, तसा तो पातेल्यातल्या वाफेच्या नळीच्या भोकांवर बसत गेला. एका दुपारी ती भोके बरीचशी बुजली. वाफेला बाहेर पडायला वाट राहिली नाही आणि ती मागे साठू लागली. दाब पाव किलो झाला असेल, अर्धा झाला असेल. सेफ्टी व्हॉल्व्ह एक किलो दाब झाल्यावर उघडणारा होता. त्याच्या दृष्टीने काही घडलेच नव्हते. रबरी नळी जिथे जोडली होती, तो सांधा फुगला आणि त्यातून वाफेची एक बारीक धार निघाली. वाफ जिथून निघते तिथे ती डोळ्यांना दिसत नाही. ती थोडी पुढे गेल्यावर पांढरी होते. त्या अदृश्य जागेत, पातेल्याच्या काठावर, प्रभाताईंचा डावा हात ठेवलेला होता.

प्रभाताई रंगाकडे पाहत होत्या. वेणीमाधव माझ्याकडे पाहत होते. मी शून्यावर होतो. बाहेरच्या गॅसच्या आवाजात त्या धारेची बारीक शीळ वेगळी ऐकू आली नाही.

“आज छान उतरतोय,” त्या म्हणाल्या.

“शून्य आहे,” ते म्हणाले, आणि हसून त्यांच्याकडे वळले. मग त्यांचे हसू थांबले. त्यांनी तो हात मनगटाला धरून उचलला.

“काय झालं?” प्रभाताईंनी विचारले. त्यांचा स्वर इतका साधा होता, जणू दारात कोण आले आहे असे त्या विचारत होत्या.

हाताची पाठ लाल झाली होती, आणि एका जागी कातडी वर आली होती.

वेणीमाधवांनी गॅस बंद केला आणि दोघे डॉक्टरांकडे जाऊन आले. बँडेज बांधलेला हात मांडीवर ठेवून प्रभाताई ओट्यावर बसल्या. “दुखतंय का?” वेणीमाधवांनी विचारले.

“नाही. तेच तर.”

वेणीमाधवांनी बाहेर जाऊन गॅसची नळी काढून ठेवली, बॉयलरवर एक जुनी सोलापुरी चादर टाकली आणि शेडचे दार ओढून घेतले. मी आत अंधारात राहिलो. मला वाईट वाटले असे सांगितले तर तुम्हाला बरे वाटेल, पण मी तसे सांगणार नाही. वाईट वाटायलाही आत काहीतरी हलावे लागते.

बरेच दिवस दार उघडले नाही. पत्र्याला मात्र कान असतात. कल्लप्पा येई आणि विचारी, “काकू, लाल सूत?” आणि वेणीमाधव सांगत, “आता नाही. ते बंद केलं.” एका सकाळी त्यांच्या उत्तराआधीच प्रभाताईंचा आवाज आला. “अजून ठरलं नाही.”

कल्लप्पा गेल्यावर शेडचे दार उघडले. बँडेज सुटले होते. हातावर नव्या कातडीचा गुलाबी डाग होता.

“हे आता नको, प्रभा,” मागून वेणीमाधव म्हणाले. “हात भाजला तुझा.”

“हात गेला तो केव्हाच गेला. रंग कशाला घालवता?” त्या माझ्यापुढे उभ्या राहिल्या. “तुम्ही नव्या माणसांना काय शिकवायचात? कामाचा दाब जेवढा, त्याच्या दुपटीची तबकडी. लग्नानंतर मला पहिल्यांदा गिरणी दाखवलीत, तेव्हा मलासुद्धा हेच सांगितलंत. माझ्या पातेल्याला किती दाब लागतो?”

वेणीमाधव रिकाम्या पातेल्याकडे पाहू लागले.

“सांगा ना.”

“किलोचा आठवा हिस्सा. तोही जास्तच.”

“आणि तबकडी वीसची. अहो, अकलूजच्या कारखान्यात उसाच्या गाड्या तोलायचा काटा असतो. त्यावर तुम्ही माझं केशर तोलत होतात. आणि वर सांगत होतात, केशराला वजनच नाही.”

ते स्टुलावर बसले. वृद्ध माणूस बसतो तसे, आधी हाताने स्टूल चाचपून. “मला तो दाब वाटलाच नाही,” ते म्हणाले.

“तुम्हाला मोठं काही झाल्याशिवाय काही झालंय असं वाटत नाही. गिरणीत ते बरोबर होतं.” हे त्या अगदी हळू म्हणाल्या. त्यात टोमणा नव्हता. “चला. हा काढा आणि पिशवीत घाला. दुकानात दोघे जाऊ.”

तर मित्रांनो, माझ्या जागी दुसऱ्याची निवड झाली ती मी माझ्या डोळ्यांदेखत पाहिली, दुकानाच्या काउंटरवरून. बसप्पाचे दुकान अरुंद आणि खोल होते. गिरणी चालू असल्यापासून तो वेणीमाधवांना ओळखत होता.

“या सर, या काकू. बसा की. काय पायजे?”

वेणीमाधवांनी मला काउंटरवर ठेवले. बसप्पाने मला उचलून वजन पाहिले. “काय माल होता. असा आता बनत नाही. ह्याच्यासारखाच देऊ?”

“याच्यासारखा नको,” प्रभाताई म्हणाल्या.

बसप्पाने वेणीमाधवांकडे पाहिले. त्यांनी घसा साफ केला. “पाव किलोचा दाखव.”

“पाव किलो?” बसप्पाने चष्मा वर केला. “सर, तुम्ही वीस किलोचा माणूस. पाव किलो म्हटलं की मला भेंडी आठवते.”

“मग भेंडी दे,” वेणीमाधव म्हणाले. प्रभाताई हसल्या. झटक्यानंतर त्यांचे हसू एका बाजूला थोडे अडकते. त्या दिवशीही अडकले.

बसप्पाने तीन काटे मांडले. एक चार किलोचा. “हा सगळे नेतात.” वेणीमाधवांनी तो बाजूला सारला, त्यावर आठवा हिस्सा म्हणजे शून्याला लागून केसभर रेघ. दुसरा एक किलोचा. तो त्यांनी हातात घेतला, डोळ्यांजवळ धरला. “चालेल,” ते म्हणाले.

“मध्यावर येईल का?” प्रभाताईंनी विचारले.

त्यांनी तोही खाली ठेवला. तिसरा पाव किलोचा होता. आकाराने माझ्या निम्मा, पत्र्याचा साधा डबा. त्याच्या पोटात माझ्यासारखी नळी नव्हती. पापुद्र्यासारख्या पातळ दोन चकत्या कडेला जोडलेल्या, आत हवा आली की फुगणाऱ्या. बसप्पाने त्याच्या तोंडाला एक छोटी नळी लावली आणि नुसती फुंकर घातली. काटा उठून निम्म्या तबकडीवर गेला आणि थरथरत परत आला.

मी आयुष्यात फुंकरीने हलणारा काटा पाहिला नव्हता.

“पण नाजूक असतंय हे,” बसप्पा म्हणाला. “जास्त दाब आला तर मरतंय. सेफ्टी किलोची असेल तर बदला, ह्याच्या आत सुटणारी घ्या. आन् वाफ सरळ लागू देऊ नका.”

“वेटोळ्याची नळी घालेन मध्ये,” वेणीमाधव म्हणाले. “वेटोळ्यात पाणी साठून राहतं, वाफ त्याच्या पलीकडेच थांबते. काट्याला फक्त दाब पोचतो.” बोलता बोलता त्यांचा आवाज पूर्वीसारखा झाला. “आणि खाली एक कॉक. साफ करताना बंद करता येईल.”

“हाच द्या,” प्रभाताई म्हणाल्या.

घरी आल्यावर वेणीमाधवांनी पातेल्यातली नळी आधी चिंचेच्या पाण्यात भिजवून भोके मोकळी केली. सांधा बदलला, सेफ्टी बदलली. माझ्या जुन्या जागी तो छोटा काटा बसवला आणि मला पलीकडच्या भिंतीवर खिळ्याला टांगले. माझ्या तोंडाला आता कुठलीच नळी नव्हती. मी शून्यावर होतो, आणि त्या शेडमध्ये पहिल्यांदाच माझे शून्य खरे होते.

आच लागली. छोटा काटा उठला, चाचपडला, आणि मध्यावर जाऊन उभा राहिला, थोडासा थरथरत. प्रभाताई त्याच्याकडे पाहत होत्या. मग त्यांनी डावा हात उचलला. डोळ्यांनी बोट नेमून त्यांनी ते काचेपाशी नेले आणि धोंडीरामासारखी टिचकी मारली. ती टिचकी त्यांच्या बोटाला कळली नाही. काटा मात्र हलला.

“लागलं वाटतं बोट,” त्या म्हणाल्या.

“लागलं,” वेणीमाधव म्हणाले.

प्रभाताईंनी पुन्हा एकदा टिचकी मारली. मग पुन्हा एकदा. पातेल्यातले पाणी हळूहळू कुंकवाच्या रंगाकडे निघाले होते.

मित्रांनो, खंडेनवमीला वेणीमाधव आम्हा दोघांनाही हळदकुंकू लावतात. झेंडूचे फूल आता छोट्याला मिळते. ते योग्यच आहे. मला तुमच्याकडून एवढेच हवे आहे की जुन्या, भरभक्कम, चकचकीत वस्तूंना त्यांच्या जागी मान द्या, पण त्यांना न कळणारे प्रश्न विचारू नका. जिथे हलकी ऊब मोजायची आहे तिथे हलके कळणारा काटा लावा, आणि तो नाजूक आहे म्हणून त्याला जपा. तुमच्या घरातही एखादा हात असेल, एखादे माणूस असेल, ज्याला दुखते आहे हे सांगता येत नाही. त्याच्यापाशी बसताना माझ्यासारख्याकडे पाहून “काही नाही” असे म्हणू नका. मी आत्ताही शून्यावर आहे. समोर वाफ चालू आहे.